उंबरठ्याचा नियम

मी भित्री बाई नाही, हे पहिलेच सांगून ठेवते. कामरगावात कोणालेही इचारा. आमच्या कापडाच्या दुकानात कपाटामागून पुरुषभर लांब साप निघाला तव्हा आमचे हे, म्हणजे माणिकचंद, टेबलावर चढून बसले होते, अन् कापड मोजायच्या गजानं त्या सापाले पोत्यात घालून नाल्यापार सोडून आली ती मी. अठ्ठावन वर्षाची झाली, कोणाच्या बापाले भ्याली नाही.

अन् तीच मी एका आवाजाले भ्याली. आवाज भी कसा, तर एवढासा. कट्. माह्याच उजव्या गुडघ्यातून आला.

संधिवात मले दोन वर्षांपासून आहे. सकाळी उठलं की बोटं सुजलेली, मूठ मिटत नाही, गुडघे हात लावले तर गरम लागतात. चहाचा कप उचलायले अर्धा घंटा वाट पाहा. अकोल्याच्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगतलं, "ही म्हातारपणाची झीज नाही बाई, तुमचं शरीर आपल्याच सांध्यांले वैरी समजून राह्यलं." आठवड्यातून एकच दिवस घ्यायची गोळी लिहून देली अन् म्हणाला, "गोळी सूज उतरवते. पाय चालता ठेवायचं काम तुमचं. ते मी करू शकत नाही." आखडू माणूस, पण खरं बोलला.

त्या कामासाठी कारंज्याले रंजीताकडं जावं लागे. रंजीता राठोड, मानोऱ्याकडच्या तांड्यावरची पोरगी. फिजिओथेरपी शिकून आली अन् बसस्टँडजवळ छोटा दवाखाना टाकला. हसून हसून जीव काढते, असं मी तिले तोंडावर म्हणायची. तिचा एकच कायदा होता. "काकू, दुखलं म्हणून भ्यायचं नाही, अन् दुखणं अंगावर काढून मर्दुमकी भी दाखवायची नाही. व्यायाम झाला की घड्याळ पाहायचं. दोन घंट्यात दुखणं उतरलं तर बरोबर केलं. दोन घंट्याच्या वर राह्यलं तर उद्या निम्मं करायचं. बंद नाही करायचं बरं का, निम्मं करायचं." चार महिने मी इमानदारीनं केलं. दुकानाच्या पायऱ्या कठड्याले हात न लावता चढायले लागली. आमचे हे कौतुकानं पाहात, अन् मी म्हणायची, पाहून काय राह्यले, गिऱ्हाईक पाहा.

मंग जेठ महिन्यात एका सकाळी गादीवर पाय लांब करता करता कट् झालं. दुखलं भी नाही फार. पण मी घामानं न्हाली.

काहून, ते सांगते.

माह्यं माहेर केनवडचं. मी बारा वर्षाची होती तव्हा आईले हेच दुखणं लागलं. तव्हा त्याचं नाव कोणाले माहीत नव्हतं, वात म्हणायचे. कोणीतरी एक मालीशवाला आणला. त्यानं आईचा पाय धरून असा ओढला, अन् आई अशी किंचाळली, की बापूंनी त्याले हाताले धरून घराबाहेर काढला. त्या दिवसापासून घरात कायदा झाला, आईले हलवायचं नाही. कोणी हलवलं भी नाही. अकरा वर्ष ती खाटेवर होती. पहिले पाय थोडे वाकले, मंग जास्त वाकले, मंग गुडघे पोटापाशी आले ते तिथंच राह्यले. ती गेली तव्हा मी तेवीस वर्षाची, सासरून धावत आलेली. तिरडीवर ठेवायले घेतलं तर आई मावेना. गुडघे वर. दोरी बांधता येईना. मोठ्या माणसांमधून कोणीतरी म्हणालं, जरा दाबा. चौघांनी दाबलं.

तो आवाज मी पस्तीस वर्ष कानात घेऊन फिरून राह्यली. देवाची शपथ, लग्नाच्या वाजंत्रीत भी ऐकू येते. मले पक्कं वाटे की मालीशवाल्यानं ओढलं तव्हाच आईच्या पायात काहीतरी तुटलं, अन् तिथूनच सगळं सुरू झालं. आता माह्या गुडघ्यानं तोच आवाज देला. म्हणजे आता माही पाळी. मी भी एक दिवस अशीच पडून राहीन, अन् शेवटी मले भी कोणीतरी दाबल.

रंजीताले फोन करून सांगायचं होतं. पण ती म्हणणार, या, पाहू. अन् पाय हातात घेणार. तिचे दोन फोन आले, मी उचलले नाही. त्या दिवसापासून पाय लांब करणं बंद. चालणं भी मोजून मापून. आधी दुकान सुटलं, मंग मागचं अंगण सुटलं. तरी घरचे मागं लागायचेच. "मम्मी, कारंज्याले काहून नाही जाऊन राह्यल्या?" माहा पोरगा जिनेश रोज इचारे. रोज नवं कारण कुठून आणू?

त्या साली आमच्या भाग्यानं आर्यिका माताजींचा चातुर्मास कामरगावात होता. आमी दिगंबर जैन. आमच्या साध्वी पायी फिरतात, पण पावसाचे चार महिने एकाच गावी राहतात. तेवढ्या दिवसांसाठी घरोघरचे लोक त्यांच्यापुढं नियम घेतात. कोणी हिरवी भाजी सोडते, कोणी एकच वेळ जेवते, कोणी चार महिने गावाबाहेर पाय न टाकायचा नियम घेते. पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू फार, आपण हिंडलो नाही तर तेवढी हिंसा टळते, असा त्यातला भाव. एकदा साध्वीपुढं घेतलेला नियम मोडा म्हणायची हिंमत आमच्यात कोणी करत नाही. नवरा भी नाही, डॉक्टर भी नाही.

त्या दिवशी जिनेशनं गाडीवर बसवून मंदिरात नेलं होतं. तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या मले हे सुचलं. मी उभी राह्यली, हात जोडले.

"माताजी, मले नियम द्या. चार महिने घराचा उंबरठा ओलांडणार नाही."

सगळ्या बाया माह्याकडं पाहायले लागल्या. माताजी सोलापूरकडच्या, हळू बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मंदिरातही यायचं नाही?"

"घरीच बसून शास्त्र वाचीन. जाप करीन."

"मोठा नियम आहे, भागिरथी. तब्येतीचं काही कारण तर नाही ना? असेल तर सांग. तशी सूट ठेवून देते."

"नाही माताजी," मी म्हटलं. "तब्येत एकदम ठणठणीत."

साध्वीच्या तोंडावर खोटं, अन् तेही मंदिरात उभं राहून. जीभ जरा भी अडखळली नाही. आता आठवलं की माह्याच अंगावर काटा येते.

नियम झाला अन् मी सुटली. जिनेशनं रंजीताले फोन करून सांगतलं, मम्मी दिवाळीपर्यंत येणार नाही. ती म्हणाली, मीच घरी येते. मी आतूनच ओरडली, "सांग तिले, मले नियमात शांतता पाहिजे!" जिनेश काय बोलणार बिचारा? नियम म्हटल्यावर त्याचं तोंड बंद. अकोल्याचा डॉक्टर फोनवर त्याच्यावर चिडला म्हणे. मी म्हटलं, चिडू दे, त्याच्या धर्मात नसल हे. गोळ्या मात्र जिनेश आणून देत होता, अन् त्या मी दिवस मावळायच्या आत जेवणानंतर बरोबर घेत होती. तेवढा शहाणपणा होता.

अन् काय सांगू, सुख झालं! माही सून जिनल सहाच महिन्यांखाली लग्न होऊन आलेली. तोवर आमच्या दोघींत जरा तणातणीच होती. ती डाळीत साखर टाके, मी तोंड वाकडं करी. पण नियम घेतला अन् पोरगी एकदम बदलली. मम्मी केवढं मोठं तप करून राह्यल्या, म्हणून माह्या भोवती भोवती. सकाळी गरम पाण्याची पिशवी आणे. पलंगावर पाठीशी तक्क्या लावे. गुडघे दुखतात म्हटल्याबरोबर स्वतःची माहेरची शेवरीची मऊ उशी आणली अन् माह्या गुडघ्यांखाली सरकवली. गुडघे जरासे वाकले, अन् दुखणं अर्धं उतरलं. "बरं वाटते मम्मी?" "लय बरं वाटते, बाई. सुखी राहा." दिवसा उशी, रातच्याले उशी. डाळीतल्या साखरेची सवय झाली.

गावच्या बाया दर्शनाले यायले लागल्या. शेजारची प्रयागबाई तर माह्या पाया पडून गेली. मले लाजही वाटे अन् बरंही वाटे. पण घरात कोणी नसलं की मी शास्त्र उघडून बसे अन् अक्षरं दिसत नसत. पायात मुंग्या आल्या तरी दचके. खाटेचा कोपरा करकरला तरी वाटे, आला तो आवाज.

श्रावणात एक दिवस आंघोळीच्या पाटावर बसली, तर उजव्या पायाची टाच जमिनीले टेकेना. मले वाटलं, फरशी ओली आहे, घसरते. दुसऱ्या दिवशी भी तेच. तिसऱ्या दिवशी मी उशी काढून गादीवर पाय पसरला अन् गुडघ्याखाली हात घालून पाह्यला. पोळ्याच्या दिवशी गुडघ्याखाली दोन बोटं जात होती. गणपती बसले तव्हा चार. आमचे दशलक्षण पर्वाचे दहा दिवस संपले तव्हा अख्खी मूठ जाऊन फिरत होती.

कोणाले सांगू? सांगतलं तर नेतील. नेलं तर ओढतील. ओढलं तर तुटल. मी लुगड्याच्या निऱ्या खाली सोडून बसायले लागली, म्हणजे पाय दिसू नये. संडासले जाताना भिंत धरून, वाकून, चवड्यावर. जिनल म्हणे, "मम्मी, तुमी वाकून काहून चालून राह्यल्या?" मी म्हणे, "नियमात विनयानं चालावं लागते." असं वेड्यासारखं काहीही. अन् ती पोरगी इश्वास ठेवे.

भादवा संपता संपता आमच्या घरी माताजींचा आहार झाला.

ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. आमच्या साध्वी दिवसातून एकदाच जेवतात, दुपारच्या आधी, अन् कोणाच्या घरी ते ठरलेलं नसते. श्रावक दारात कलश घेऊन उभे राहतात, हात जोडून बोलावतात. माताजींनी मनात धरलेली खूण ज्या दारात दिसली त्या घरात त्या येतात. त्यांच्या ओंजळीत आपण घास ठेवायचा. त्या ओंजळीत केस निघाला, किंवा जेवताना कोणाचा रडण्या-ओरडण्याचा आवाज कानावर आला, तर अंतराय होते. ओंजळ सोडून उठायचं. मंग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाणी भी नाही. ज्याच्या घरी अंतराय झाला त्याच्या घरात त्या दिवशी सुतक पडल्यावानी असते.

त्या दिवशी जिनेश अन् जिनल सोवळ्याचे कपडे नेसून दारात उभे होते, अन् माताजी सरळ आमच्या दारापुढं येऊन थांबल्या. घरात एकच धावपळ. मी आतल्या खोलीत, चौक्याच्या, म्हणजे आहाराच्या जागेच्या दाराशी, खुर्चीवर. तिथून सगळं दिसत होतं. माताजी पाटावर बसल्या. आमच्या ह्यांनी पाणी देलं. जिनेशनं भाकरीचा घास देला. बारा बाया भिंतीशी हात जोडून उभ्या. जिनलनं माह्याकडं पाह्यलं अन् डोळ्यांनीच खुणावलं, मम्मी, या ना, एक घास तुमच्या हातचा.

सगळ्या बाया माह्याकडं पाहायले लागल्या. तप करणारी बाई, अन् घरी आलेल्या साध्वीले घास देणार नाही? आता सांगा, कशी बसून राहू?

मी खुर्चीचे हात धरून उठली. डावा पाय टेकला. उजवा टेकला, पण टाच अधांतरी. चवड्यावर एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. जिनलनं माह्या हातात मुगाच्या शिऱ्याची वाटी देली अन् दोन्ही हात गुंतले. मले वाटलं, जरासा जोर देऊन पाय सरळ केला तर उभं राहता येईल. जोर देला. गुडघा उघडला नाही. सगळा भार त्या वाकलेल्या गुडघ्यावर आला अन् आतून अशी कळ गेली की मी आईच्या नावानं किंचाळली. वाटी गेली, मी गेली, जिनलच्या अंगावर पडली.

मी खाली पडल्या पडल्या पाह्यलं. माताजींची ओंजळ सुटली होती. तीन घास झाले होते फक्त.

"अंतराय," कोणीतरी हळूच म्हणालं. आमच्या ह्यांनी कपाळावर हात मारला. जिनेशच्या हातातली भाकर तशीच. मले वाटलं, ह्या फरशीत जावं. माह्या भीतीपायी एक साध्वी उद्यापर्यंत उपाशी राहणार, अन् तेही इतक्या उकाड्यात, बिनपाण्याची.

माताजींनी हात धुतले. मले वाटलं, आता उठून जातील. त्या उठल्या अन् माह्यापाशी येऊन उभ्या राह्यल्या. पडताना लुगडं वर गेलं होतं. पाय उघडा पडला होता, वाकलेला, गुडघा सुजून टम्म, पोटरी वाळून काठी झालेली. सगळ्यांनी पाह्यला.

"किती दिवस झाले सरळ होत नाही?" त्यांनी इचारलं.

मी लुगडं ओढून पाय झाकायले लागली.

"भागिरथी, मी तुला विचारलं होतं."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मी भांडली असती, तेवढी मी आहे. पण त्या तशाच हळू बोलल्या, अन् माह्या तोंडातून सगळं बाहेर आलं. संधिवात, रंजीता, कट् झालेला गुडघा, आई, तिरडी. "मी खोटं बोलली माताजी. नियम धर्मासाठी घेतला नाही. भ्याली म्हणून घेतला. मले प्रायश्चित्त द्या."

प्रयागबाईनं तोंडावर पदर घेतला. आमचे हे माह्याकडं अशा नजरेनं पाहून राह्यले होते की अडतीस वर्षांत पाह्यले नव्हते.

माताजी म्हणाल्या, "आजारी माणसाला उपचाराची सूट असतेच. ती मी त्याच दिवशी दिली असती. तू आजारच सांगितला नाहीस." मंग जिनेशकडं वळल्या. "डॉक्टरला बोलवा. दवाखान्यात न्यायला लागलं तर न्या, नियम आड येत नाही. प्रायश्चित्ताचं नंतर पाहू, आधी पाय दाखवा." अन् तशाच उपाशी, उन्हात, अनवाणी निघून गेल्या.

खरं सांगू? मले मोकळं वाटायले पाहिजे होतं. पण मी अजून घाबरली. आता लपायले जागाच राह्यली नाही.

जिनेशनं फोनवर सगळं सांगतलं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच रंजीता तिच्या स्कुटीवर आली. मी पलंगावर, जिनल पायाशी. रंजीताले पाह्यल्याबरोबर मी दोन्ही हातांनी गुडघा धरला. "ओढू नको. तुह्या पाया पडते, ओढू नको."

"काकू, ओढायचं नसतेच," ती म्हणाली. हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. तिनं गरम पाण्याचा शेक ठेवला, वीस मिनिटं नुसती बसून राह्यली, अन् मंग इचारलं, "कट् झालं तव्हा गुडघा सुजला होता? अडकला होता? पाय टेकता येत नव्हता?"

"नाही. नुसतं वाजलं."

"मंग काही तुटलं नव्हतं. गुडघे वाजतात, काकू. माहे भी वाजतात. मले एक फोन काहून नाही केला?"

ती पट्टी घेऊन कोन मोजायले लागली. मोजलं, पुन्हा मोजलं, वहीत लिहिलं. "पंचवीस अंश कमी आहे. इतका उघडत नाही."

"उघडल का?"

"नवीन आखडलेला आहे, म्हणून आशा आहे. मेहनत लागल. सूज आहे म्हणून डॉक्टरले भी दाखवू. पण पूर्ण उघडलच, असं वचन मी देत नाही." मंग तिची नजर बाजूले गेली. "ही उशी कायची?"

"गुडघ्यांखाली ठेवते मी," जिनल मोठ्या उत्साहानं म्हणाली. "रोज. मम्मीले लय आराम पडते."

रंजीतानं उशी उचलली अन् दूर खुर्चीवर ठेवली. "आजपासून ही नाही. कधीच नाही. सुजलेला गुडघा वाकवून ठेवला की दुखत नाही, म्हणून बरं वाटते. पण दिवस-रात तसाच ठेवला की मागच्या शिरा आखडून तेवढ्याच होऊन बसतात. मंग सरळ व्हायले जागाच राहत नाही. बसून राह्यलं, चालणं बंद, अन् वरून ही उशी. पायाले वाकडं व्हायले अजून काय पाहिजे?"

"अन् वर्षानुवर्ष ठेवली तर?" मी इचारलं.

"कोण ठेवते वर्षानुवर्ष?"

"ठेवली तर. सांग ना."

"मंग गुडघे पोटाशी जातात. मंग व्यायामानं उघडत नाही, काकू."

केनवडच्या घरात उशी मी ठेवायची. बारा वर्षाची होती तव्हापासून. आईले हलवायचं नाही म्हटल्यावर मी दुसरं करणार तरी काय? गुडघ्यांखाली उशी सरकवली की तिच्या कपाळावरच्या आठ्या मिटत, अन् ती म्हणे, बाई, तुह्या हातात देव आहे. आठ वर्ष ठेवली. पाय वर आले तशी उशी मोठी केली, दोन उश्या केल्या. लग्न होऊन निघाली त्या दिवशी मांडवातून आत जाऊन वहिनीले एवढंच सांगतलं होतं, बाकी काही भी इसर, आईच्या गुडघ्यांखालची उशी इसरू नको. वहिनी इसरली नाही.

मालीशवाल्यानं काही तोडलं नव्हतं. पस्तीस वर्ष मी त्या माणसाले शिव्या देल्या.

जिनल रडत होती. पदराचा बोळा तोंडात धरून, आवाज न करता. "मी केलं," ती म्हणाली. "मम्मी, मी केलं हे. तुमी बऱ्या होत्या, मीच वाकडा केला तुमचा पाय."

मी तिचा हात धरला. कधी धरला नव्हता असा धरला, सुजलेल्या बोटांनी, कळ येईपर्यंत. "चूप. तुही काही चूक नाही. तू मायेनं केलं. तुले कोणी सांगतलं होतं का? कोणीच सांगतलं नव्हतं. दुखून राह्यलं म्हणून ठेवली. बारा वर्षाच्या पोरीले कसं माहीत असणार?"

जिनल रडायची थांबली. ती पंचवीस वर्षाची आहे. तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग रंजीताकडं पाह्यलं.

रंजीतानं टॉवेलची गुंडाळी केली अन् माह्या टाचेखाली ठेवली. गुडघा अधांतरी राह्यला. त्याच्याखाली आता काही नव्हतं. "गुडघा आपल्या जोरानं खाली दाबायचा," ती म्हणाली, "मी हात लावणार नाही. पाच मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. दुखल. घाबरू नका."

"घाबरूनच राह्यली मी," मी म्हटलं. "मोज, जिनल."

मी दाबला. तिसऱ्या आकड्यावर माह्या तोंडातून हुंदका निघाला अन् जिनलचं मोजणं थांबलं. तिचा हात खुर्चीवरच्या उशीकडं गेला.

"मोज म्हटलं ना!" मी ओरडली.

तिनं हात मागं घेतला. "चार," ती म्हणाली.